बिननावाची कॅसेट

पुणे, १२ जानेवारी २०२५

आत्या, नमस्कार.

मी संस्कृती, मारोतरावांची मुलगी. आपण कधी भेटलेलो नाही, आणि पहिल्याच पत्रात वाईट बातमी द्यावी लागते आहे. बाबा नऊ नोव्हेंबरला गेले. सकाळी फिरून आले, चपला काढायला बसले आणि उठलेच नाहीत. त्यांच्या बाजूच्या कुणाला कळवायचं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बाबा गावाचा विषय काढत नसत. काढला तर उठून जात.

मागच्या आठवड्यात त्यांची लष्करातली काळी ट्रंक उघडली. तळाशी दोऱ्यानं बांधलेल्या पोस्टाच्या अकरा पावत्या होत्या. पहिली १९८७ची, शेवटची ऑक्टोबर १९९७ची. सगळ्यांवर एकच नाव: तुळसाबाई, अनसिंग, जि. अकोला. मी अकोला जिल्ह्यात अनसिंग शोधत बसले, मग कळलं की आता जिल्हा वाशीम.

आईला विचारलं. "त्यांची मोठी बहीण," एवढंच म्हणाली. पार्सलांचं तिलाही माहीत नव्हतं. बाबा युनिटच्या पोस्टातून परस्पर पाठवत असावेत.

आत्या, त्या पार्सलांत काय होतं? दहा वर्षं एकाच माणसाला काहीतरी पाठवायचं, पावत्या जपायच्या आणि घरात चकार शब्द काढायचा नाही, असं काय असू शकतं? मी आठ दिवस तोच विचार करते आहे. पत्ता एवढाच आहे, पोहोचला तर नशीब. खाली माझा फोन नंबर लिहिला आहे.

तुमची,
संस्कृती


अनसिंग, २ फेब्रुवारी २०२५

संस्कृती बाई, तुले आशीर्वाद.

तुहं पत्र पोस्टमननं माह्या पोराच्या, हरीओमच्या बायकोच्या, शीलाच्या हातात देल्लं. तिनं वाचून दाखोलं अन् मधातच थांबली. मंग मीच घेतलं वाचाले. मी सातवी शिकली हाये. मारोती माह्याहून पाच वर्सानं लहान. डोक्यावरून आंघोळ केली, दिवा लावला. तुह्या आतोबाले, रामधनले, सांगतलं. ते उठून वावरात गेले ते दिवस बुडल्यावरच आले.

फोनचं म्हनशीन तर माहा डावा कान गेला, उजवा अर्धा हाये. फोनवर बोलाचं म्हनलं का मधात कोनीतरी घ्या लागते. कागद बरा. कागदाले कान लागत नाई.

पार्सलात कॅसेटी होत्या. इंग्रजी गान्याच्या. शिलाँगले असताना तो बजारातून भरून आने अन् मले पाठवे. पहिलीसंग चिठ्ठी होती, "ताई, हे ऐक, अशी गम्मत आपल्या इकडे कोनी वाजवत नाई." घरी भजनासाठी टेप होता. हे वावरात गेले का मी लावत होती. पहिल्या दिवशी आवाज इतला मोठा निंगाला का गोठ्यातली गाय उठून उभी राह्यली.

पहिले पहिले समजलं नाई. मंग आवडाले लागलं. मनातलं जे बोलता येत नाई ते कोनीतरी ओरडून टाकून राह्यला, असं वाटे. इंग्रजी मले येत नाई, म्हनून कॅसेटीवर मीच नावं लिहिली. लोहाराचं. घंटा अन् पाऊस. शिट्टीचं. मोटारपंपाचं. बाई रडते का मानूस समजत नाई, ते. अशी लय हायेत. दाळीच्या डब्यात अकराच्या अकरा ठुल्या हायेत, फडक्यात बांधून.

तुह्या बापाचं लग्न झालं तवा आमच्या बाबानं त्याचं नाव घेनं बंद केलं. मले अन् सगळ्याइले तशीच ताकीद होती. मी जवाब लिहिला नाई कदी. तरी तो पाठवत राह्यला. एकदा भेट होता होता राह्यली.

त्या गान्यावाल्याइची खरी नावं काय हायेत वं? मले मरायच्या आधी मालूम व्हावं असं वाटते. अन् तुह्या आईचं नाव काय? मले तेही मालूम नाई.

तुही आत्या,
तुळसा


पुणे, १६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्या,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. आईचं नाव दारिशा. ती शिलाँगचीच, खासी. तुमच्या गाईचा प्रसंग वाचून ती बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा हसली.

खरं सांगू, मला या गाण्यांतलं काहीच कळत नव्हतं. आमच्या घरी बाबा रेडिओवर बातम्या ऐकायचे आणि बातम्या संपल्या की बंद करायचे. म्हणून मी ऑफिसातल्या नवीनला गाठलं. तो गिटार वाजवतो आणि दर शुक्रवारी काळा शर्ट घालून येतो. त्याला तुमची नावं वाचून दाखवली. आधी तो हसला. "घंटा अन् पाऊस" म्हटल्यावर खुर्ची पुढे ओढून बसला. म्हणाला, "थांब. पाऊस, मग लांबून देवळासारखी घंटा, आणि मग एकदम जड पावलं टाकत कुणी आल्यासारखी गिटार?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी ऐकलेलं नाही. त्यानं लगेच लावून दाखवलं. ब्लॅक सॅबथ, इंग्लंडमधला कारखान्यांच्या गावातला बँड.

शिट्टीचं आहे ते स्कॉर्पियन्सचं, हे जर्मनीचे. बाई रडते का माणूस, तो माणूसच, लेड झेपलिनचा गायक. लोहाराच्या गाण्यावरून नवीन आणि त्याच्या मित्रात भांडण लागलं. एक म्हणतो डीप पर्पल, दुसरा म्हणतो एसी/डीसी. मोटारपंपाचं काय ते अजून ठरलेलं नाही. तुम्हीच सांगा, पंप सुरू होताना अडखळतो तसं, की पाणी लागल्यावर चालतो तसं?

मी आता बसमध्ये कानात घालून हीच गाणी ऐकते. हिंजवडीच्या गर्दीत उभं राहून विचार करते की आत्या भाकरी थापताना हे ऐकत होत्या. बाबांना हे आवडायचं तर त्यांनी घरी कधी का लावलं नाही? आणि भेट होता होता राहिली, म्हणजे काय झालं होतं?

तुमची,
संस्कृती


अनसिंग, ५ मार्च २०२५

चि. संस्कृती,

पंप अडखळते तसं. दोनदा फुसफुस करते अन् तिसऱ्या वक्ती धरते.

तू नावं पाठवली ती मी कॅसेटीवर माह्या नावाच्या खाली लिहून घेतली. शीलानं पाह्यलं. म्हने, "आत्याबाई, हे काय वं?" म्हनलं, तुह्या मामेसासऱ्यानं देल्लेलं हाये. मंग ती बसली अन् एक एक हातात घेऊन पाह्यली. इतले वर्स घरात असून तिले मालूम नोतं. टेप बंद पडला हाये, नाईतर ऐकवलं असतं.

आता एका कॅसेटीचं विचारतो. अकरावी. सगळ्यात शेवटी आली. तिच्यावर बजारातलं चित्र नाई, नाव नाई, कोरी कॅसेट. मीही नाव नाई लिहिलं. फक्त एकच गानं हाये, बाकी फीत रिकामी. सुरू होताना एक दोन तीन चार ऐकू येते. मंग गिटार येते, जराशी बेसूर. मानूस ओरडून ओरडून गाते. मधात गिटार थांबते अन् निरा ढोल वाजतात, लय वेळ. राखनीवर पाखरं हाकलाले आमी डबा वाजवो, तसे. आमच्या माहेरी ज्वारीच्या हंगामात मारोती अन् मी माचानावर बसून दिवसभर डबा बडवो. तो आठ वर्साचा, मी तेरा वर्साची. मंग सगळे एकदम ओरडतात अन् सपते.

ते गानं मी तीनदाच ऐकलं. मले वाटलं, त्याले माहा राग आला हाये. मी एक गोष्ट बरी केली नोती, अन् त्यानं धुंडून धुंडून सगळ्यात रागाचं गानं पाठोलं, अन् ते डबे ऐकवून मले लहानपनची आठवन देल्ली. त्याच्यानंतर एकही पार्सल आलं नाई. म्हनून मी ते तसंच समजली. अठ्ठावीस वर्सं झाले.

तुह्या नवीनले विचार, असं रागाचं गानं कोनाचं हाये. त्याचे बोल काय हायेत तेही विचार. काय म्हनत होता ते मले समजू दे.

तुळसाआत्या


पुणे, २० मार्च २०२५

ती. आत्या,

नवीनला ते गाणं सापडलं नाही. त्यानं मित्रांना विचारलं, त्यांनी आणखी कुणाला. पंधरा माणसं बसली, कुणालाच ओळखता येईना. शेवटी एकानं विचारलं, "सुरुवातीला वन टू थ्री फोर कोणत्या उच्चारात म्हणतात? इंग्लिश की अमेरिकन?" मी तुमचं पत्र पुन्हा काढलं. तुम्ही "एक दोन तीन चार" लिहिलं होतं आणि मी मनातल्या मनात त्याचं इंग्रजी करून टाकलं होतं. आत्या, तुम्हाला इंग्रजी येत नाही. मग तुम्हाला तरी ते कसं कळलं असेल? ते मराठीत आहे का?

मी आईसमोर बसून तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. डबा वाजवण्याच्या ओळीवर तिनं माझा हात धरला.

आत्या, ते ढोल बाबा वाजवत आहेत.

आईनं सांगितलं ते असं. शिलाँगला तिच्या मामेभावाकडे गिटार होती. तो, युनिटमधला एक जवान, दोन तिथली मुलं आणि बाबा, असे रविवारी चर्चच्या मागच्या खोलीत जमायचे. बाबांना कुणी शिकवलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, पाखरं हाकलताना शिकलो. आईला वाटायचं, चेष्टा करतात. मी ऑगस्ट सत्त्याण्णवमध्ये जन्मले, त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी त्यांनी स्वतःचं गाणं वाजवून टेप केलं. त्याला नावच नव्हतं. बोल त्या मामेभावानं, म्हणजे माझ्या मामानं, रचले होते. आईला आठवतं ते इतकंच की एक माणूस आला आहे, नवीन माणूस, दार उघडा, मोठा आवाज करा. ती खोलीत मला मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी जे सगळे ओरडतात, त्यात तीही आहे.

तो राग नव्हता. तो माझा जन्म होता. मुलगी झाली हे त्यांनी तुम्हाला अशा रीतीनं कळवलं होतं.

पुढे बदल्या झाल्या, ती मुलं पांगली. एकाचा रस्त्यावर अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर बाबांनी काही वाजवलं नाही आणि लावलंही नाही.

आणि त्या राहिलेल्या भेटीबद्दल आई म्हणते, ते दोघं सुटीत वाशीमला आले होते, तुम्हाला भेटायला, पण तुम्ही त्या दिवशी आजारी होतात. तुम्ही लिहिलं आहे की एक गोष्ट बरी केली नाही. आजारी पडण्यात तुमचा काय दोष?

ती कॅसेट आम्हाला ऐकायची आहे. पोस्टानं पाठवाल का?

संस्कृती


अनसिंग, ११ मे २०२५

चि. संस्कृती,

जवाबाले उशीर झाला. पत्र हातात घेतलं का लिहिता येत नोतं.

हो, मराठीतच मोजते. मले वाटे, तो मले ऐकवाले मोजून राह्यला अन् मंग त्या लोकाइचं गानं लावून देल्लं. भावाचा आवाज मले समजला अन् भावाचे हात समजले नाईत.

कॅसेट पोस्टानं नाई पाठवत. परवा मी टेप अन् कॅसेट घेऊन एकटी एसटीनं वाशीमले गेली. पाटनी चौकापासून विचारत विचारत अमरदीप म्हनून एक जुने रेडिओ दुरुस्त करनारा मानूस धुंडला. टेपचा पट्टा गेला होता, त्यानं बसवून देल्ला. अकरावी कॅसेट उजेडात धरून पाह्यली अन् म्हने, "मावशी, याच्यावर बुरशी चढली. फीत वाळली हाये. साफ करून देतो, पन मी तुमाले खोटं नाई सांगत. एक डाव वाजन. दुसऱ्या डावाचा भरोसा नाई."

म्हनलं, तिथंच लावून पाहू का, इतलं मन झालं होतं. मी बंद करून पिशवीत ठेवली अन् घरी आली.

तू अन् दारिशा या. एक डावच वाजाची असन तर ज्याइची हाये त्याइच्या समोर वाजू दे. अमरदीप येतो म्हनते मशीन घेऊन, वाजता वाजता उतरून घेईन. तुह्या आतोबाले मी सांगतलं का ते येऊन राह्यले. विचारलं नाई, सांगतलं.

दारिशाले काय चालते खायाले, ते लिहून पाठवजो.

आत्या


पुणे, २५ मे २०२५

ती. आत्या,

आम्ही चौदा जूनला सकाळी वाशीमला पोहोचू. आई सगळं खाते. भात असला की झालं. ती बॅग काढून बसली आहे आणि मला दर दोन तासांनी विचारते, तुझ्या आत्याला काय न्यावं? मी म्हटलं, तूच जा, पुष्कळ आहे. नवीनलाही यायचं होतं. त्याला म्हटलं, पुढच्या वेळी.

संस्कृती


पुणे, १९ जून २०२५

ती. आत्या,

काल पोहोचलो. गाडीत आई खिडकीपाशी बसून होती, पण उदास नव्हती.

अमरदीपनं उतरवून दिलेलं मी आतापर्यंत कितीतरी वेळा ऐकलं. फीत ढोलांच्या नंतर तुटली, तेव्हा हरीओमदादा आणि शीलावहिनी माझ्याकडे बघायला लागले, मी रडेन म्हणून. मला रडू आलं नाही. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही डोळे मिटून, टेपवर पंजा ठेवून बसला होतात आणि बोटं हलत होती. फीत तुटल्यावरही तुमची बोटं थांबली नाहीत. शेवटचा ओरडा आता कुठल्याच यंत्रात नाही, पण तुम्हाला आणि आईला तो पाठ आहे, हे मी पाहिलं.

मला आतोबांचं नवल वाटतं. ते ओट्यावर पाठ करून बसले होते. त्यांना राग आला असेल असं वाटून मी चहा घेऊन गेले. म्हणाले, "मारोती वाजवून राह्यला होता का?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "मले मालूम होतं, ही ऐकते म्हनून. बत्ती गेली का टेप सेलवर चाले. भजनात इतले सेल सपत नाईत." मी विचारलं, मग तुम्ही काही बोलला नाहीत? म्हणाले, "काय बोलू? बजाराच्या दिवशी जास्तीचे सेल आनून ठेवो."

हे तुम्हाला माहीत होतं का?

आता एक विचारायचं आहे. हरीओमदादा मला वावर दाखवायला घेऊन गेले, तेव्हा तुम्ही आणि आई मागे तुरीची दाळ निवडत बसला होतात. आम्ही परत आलो तेव्हा दाळ अर्धीच निवडून झाली होती. मी गाडीत आईला विचारलं, काय बोललात? ती म्हणाली, "ते तुझ्या आत्याचं आहे. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल."

सांगाल?

संस्कृती


अनसिंग, ३ जुलै २०२५

चि. संस्कृती,

सेलाचं मले मालूम नोतं. मी त्याइले विचारलं तर म्हनतात, तुले काय करा लागते, झालं ते झालं.

तू विचारलं ते सांगतो. तुह्यापासून लपवून ठेवाचं नाई.

तू जन्माच्या आधीच्या वर्सी मारोतीची चिठ्ठी आली होती का आमी बुधवारी वाशीमले येतो, तू स्टेशनवर ये, घरी येत नाई, कोनाले तरास देत नाई, दारिशाले फक्त तुले दाखवाचं हाये. मी सकाळीच आटपली. नवं लुगडं नेसली. पिशवीत तिच्यासाठी चोळीचा खन अन् ओटीचा नारळ घेतला. अनसिंगच्या स्टँडवर जाऊन उभी राह्यली. एसटी आली. कंडक्टरनं विचारलं, "चढता का बाई?" मी नाई चढली. दुसरी आली, तिसरी आली. हे वावरात होते, बाबा त्याइच्या गावी होते. मले कोनी अडवलं नोतं. स्टेशनवर कोनी वळखीचं दिसन, काय म्हनन, येवढाच भेव. दिवस कलला तवा घरी आली अन् नारळ देवापाशी ठेवून देल्ला.

दाळ निवडता निवडता तुही आई म्हने, "दीदी, त्या दिवशी तुम्हाला ताप होता ना? आम्ही सकाळपासून बसलो होतो. दुपारी ते बाहेर जाऊन फोन करून आले. म्हणाले, ताईला खूप ताप आहे, उठता येत नाही."

आमच्या घरी तवा फोन नोता, संस्कृती. त्या आळीत कोनाच्याच घरी नोता.

म्हनजे तो बाहेर गेला, थोडा वेळ कुठंतरी उभा राह्यला, अन् माह्यासाठी ताप घेऊन आला. आपल्या बायकोसमोर बहिनीचं नाव खराब नको व्हायले, म्हनून. तुही आई म्हने, परतीच्या गाडीत दोन दिवस तो सांजच्याले म्हनत होता, "ताईचा ताप आता उतरला असन." अन् ती म्हने, "हो, उतरला असेल."

मी हो म्हनू शकली असती. तुही आई तर मानूनच बसली होती. तो गेला, बाबा गेले, विचारनारं कोनी नोतं. पन ती माह्या आंगनात बसून माही दाळ निवडून राह्यली होती.

म्हनलं, "दारिशा, ताप नोता. मी स्टँडवरून परत आली."

ती सुपातले खडे बाजूले काढत राह्यली. मंग सूप खाली ठेवलं, पदराले हात पुसला, अन् माह्या कपाळाले लावून पाह्यला, लेकराले लावतात तसा.

म्हने, "आता नाही."

तुही आत्या,
तुळसा